मंगलताईंचे रिकामे मोर

माणसावर विश्वास ठेवायला मंगलताईंची ना नव्हती. फक्त आधी त्याला तीन महिने भिंतीवर टांगून बघायला हवं, असं त्यांचं मत होतं. स्वतः बनवलेल्या प्रत्येक चित्राला त्या तसंच टांगत. तीन महिन्यांत सोनेरी वर्ख कुठे उचलला नाही, काळवंडला नाही, तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘ओके’ लिहीत. माझ्या नावापुढे त्यांनी ओके कधी लिहिलं ते मला कळलं नाही. लिहिलं की नाही, याचीही आज खात्री देता येत नाही.

वाळूजच्या ज्या रो-हाऊसांच्या वसाहतीत आम्ही चार वर्षं काढली, तिथे त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं. नवरा एमआयडीसीत, मी शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. सामान लावून होतं न होतं तोच मंगलताई चहाला बोलावून गेल्या. मला वाटलं, काय प्रेमळ शेजार मिळाला. चहा पिताना लक्षात आलं की ही तपासणी आहे. माहेर कुठलं, नवऱ्याची शिफ्ट कोणती, घरी कोण येणार-जाणार, असे प्रश्न झाले आणि मग त्यांनी कप खाली ठेवून विचारलं, “काम्प्युटर येतो का तुमाला?”

“येतो की,” मी जरा अभिमानाने म्हणाले.

त्या उठल्या आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. ते दार माझ्यासाठी पुढे सहा महिने उघडलं नाही.

उंचीने बेताच्या, अंगाने भक्कम, चष्मा दोरीने गळ्यात आणि दोन भुवयांमध्ये कायम मुक्कामाला आलेली आठी. एका कारखान्यात सव्वीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर बसल्या होत्या. सुटा भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, कडेवरून नख न्यायचं आणि म्हणायचं, ओके किंवा रिजेक्ट. मग ती लाइनच बंद पडली. टेबल गेलं, नजर मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. दूधवाल्याचं दूध, भाजीवाल्याचा काटा, पाहुण्यांचं हसू, सगळ्यावरून नख फिरायचं. “दिसतंय त्येला ओके म्हणू नाय मॅडम,” त्या म्हणत. “टिकतंय त्येला म्हणावं.” मला त्या शेवटपर्यंत मॅडमच म्हणाल्या. जवळीक वाढली की माणूस गाफील होतो, असाही त्यांचा एक सिद्धान्त होता.

मागच्या खोलीत काय चालतं याबद्दल वसाहतीत बरेच तर्क होते. खिडकीला जाड पडदा, आतून गरम प्लास्टिकसारखा वास, आणि कधीकधी मंगलताईंच्या गालाला किंवा केसांना लागलेला सोन्याचा कण. एकीचं म्हणणं, नकली दागिने करतात. दुसरीला वाटे, काहीतरी बेकायदेशीर छापतात. मंगलताई कुणाचंच खंडन करायच्या नाहीत. लोकांना चुकीचं माहीत असलेलं बरं, म्हणजे खरं कोणी शोधत नाही.

खरं फार साधं होतं. त्या फॉइलची चित्रं करत. पांढऱ्या जाड कागदावर लेझर प्रिंटरने काळ्या रंगात नक्षी काढायची. तिच्यावर सोनेरी, तांबडी किंवा रुपेरी फॉइल अंथरायची. मग दोन्ही मिळून तापलेल्या लॅमिनेशनच्या मशीनमधून सरकवायचं. उष्णतेने काळी भुकटी पुन्हा वितळते आणि वर्ख धरून ठेवते. कागद गार झाला की फॉइल हळूच सोलायची. जिथे जिथे काळं होतं तिथे तिथे सोनं. पैठणीच्या पदरावरचे मोर, हिमरू शालीवरच्या वेली, मकबऱ्याच्या जाळ्या, हे सगळं त्या सोन्यात उतरवत. लोक वास्तुशांतीला, साखरपुड्याला, दारावरच्या नावाला त्यांच्याकडून करून नेत. मी पहिल्यांदा ती सोलणी बघितली तेव्हा खरोखर श्वास रोखून धरला होता. कोऱ्या काळ्या नक्षीतून मोर उजळत येतो, पायापासून तुऱ्यापर्यंत, आणि दर वेळी वाटतं की आता कुठेतरी फाटणार.

हे सगळं त्यांना एकटीला जमलेलं नव्हतं, आणि ते त्या स्वतः मोकळेपणाने सांगत. ही एकच गोष्ट त्या मोकळेपणाने सांगत.

सुरुवातीला त्यांनी घरी साधा, शाईचा प्रिंटर आणला होता. फॉइल चिकटेचना. मंगलताईंनी लगेच निदान केलं की दुकानदाराने नकली फॉइल गळ्यात मारली. दोनदा गुंडाळी परत केली. तिसऱ्यांदा त्या दुकानदाराला त्यांनी अशा काही शब्दांत तपासलं की तो बिचारा शटर खाली ओढून जेवायला गेला. मग सुनंदाताईंनी ती फॉइल एका झेरॉक्सच्या कागदावर ठेवून सहज इस्त्री फिरवली. आणि अक्षरं सोन्याची झाली.

“मंगल, चोर दुकानदार नाय,” सुनंदाताई हसत म्हणाल्या होत्या. “आपली शाई हाय. झेरॉक्सची भुकटी गरम झाली की इरघळती. शाई काय इरघळणार, ती तर आधीच पाणी.”

सुनंदाताई म्हणजे मंगलताईंच्या त्याच टेबलावरच्या जोडीदारीण. सव्वीस वर्षं एकमेकींच्या डब्यातलं खाल्लेलं. त्या हर्सूलला तलावाच्या बाजूला राहत. तेव्हा कंपनीच्या बसने यायच्या, आता आठवड्यातून तीन दिवस दोन बस बदलून मंगलताईंकडे येत. वडील मेंढरं राखणारे, त्यामुळे लहानपण रानोमाळ गेलेलं. अंगाने काटक, आवाज मोठा, आणि कशाचंच ओझं न घेणारा स्वभाव. कागद सोलण्यात त्यांचा हात मंगलताईंपेक्षाही हलका होता. मंगलताई नक्षी जुळवत, मशीन चालवत, तपासत. सुनंदाताई सोलत. दोघी समोरासमोर बसून तासन्‌तास बोलायच्या नाहीत आणि मध्येच एकदम कुठल्यातरी जुन्या सुपरवायझरच्या आठवणीने खदखदून हसायच्या. ते हसू आमच्या स्वयंपाकघरात भिंतीतून ऐकू येई. एरवी मंगलताईंना हसताना मी पाहिलेलं नाही.

बाकी जगाशी त्यांची वागणूक गुप्तहेर खात्याची होती. प्रत्येकाला त्या एक वेगळी थाप देऊन ठेवत. मला सांगितलं होतं की फॉइल सुरतेहून येते. कोपऱ्यावरच्या पाटीलकाकूंना सांगितलं, हैदराबादेहून. संक्रांतीच्या हळदीकुंकवात एक अनोळखी बाई सगळ्यांसमोर म्हणाली, “ती फॉइल सुरतेची असते ना हो?” मंगलताईंनी त्या बाईकडे बघितलंच नाही. त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. मी तिळगूळ तोंडात घातला आणि जीभ चावली. त्यानंतर दोन महिने माझ्यासाठी मागच्या खोलीत ‘आज काम बंद हाय’ होतं, आणि मशीनचा आवाज मात्र भिंतीपलीकडून चालूच. खरं कुठून येते ते फक्त सुनंदाताईंना माहीत होतं.

आता त्यांची सगळ्यात मोठी धास्ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. सोनं कागदावर गेलं की मागे फॉइलची पातळ पारदर्शक पट्टी उरते. तिच्यावर मोर उरत नाही, मोराची जागा उरते. सगळीकडे सोनं आणि मध्ये मोराच्या आकाराचा आरपार दिसणारा रिकामा भाग, अगदी शेवटच्या पिसापर्यंत. दुसरा कोणी असता तर ती चुरगळून घंटागाडीत टाकली असती. मंगलताईंना वाटे, या पट्टीवरून कोणीही नक्षी उतरवून घेईल. म्हणून वापरलेली एकही पट्टी त्या टाकत नसत. तिच्या कोपऱ्यात नंबर घालत आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावत. घंटागाडीवरची बाई एकदा थट्टेने म्हणाली, “काकू, तुमच्या घरात कचराच निघत नाय का?” त्या दिवसापासून तिच्यावरही नजर राहिली.

आणि या सगळ्यात काडी टाकली ती मी.

गुलमंडीवर एका दुकानात फ्रेम घ्यायला गेले होते. भिंतीवर सोनेरी मोर दिसला. घरी आल्यावर उत्साहाने मंगलताईंना सांगितलं, “अहो, अगदी तुमच्यासारखाच!” पैठणीचा मोर हा पैठणीचा मोरच असतो, तो कुणाच्या बापाचा नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या कपाळावरची आठी खोल गेली.

“पिसारा मोजला का?”

“कशाला?”

“माझ्या मोराला डाव्या अंगाला एक पीस कमी असतंय. मुद्दाम. खूण हाय ती.”

मी मोजला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गेल्या. तो मोर विकला गेला होता. खरं-खोटं करायचा मार्गच संपला. संशयाला एवढंच लागतं. त्याच संध्याकाळी त्यांनी ट्रंक उघडून पट्ट्यांचे नंबर लावून बघितले. एकोणीस पट्ट्या नव्हत्या.

पुढचे दोन आठवडे ते घर बघवत नव्हतं. कुलूप तोडलेलं नाही, म्हणजे किल्लीने उघडलं. किल्ली त्यांच्या कमरेला. मग घरात येणारं कोण? मी, पण मी ट्रंकेपर्यंत कधी पोचलेच नव्हते. घरकामाला बाई नाही. मुलगा पुण्याला. उरलं कोण, ते त्यांना म्हणायचं नव्हतं आणि मला ऐकायचं नव्हतं. “कंपनीत बी असंच असायचं मॅडम,” त्या एकदा गॅलरीतून म्हणाल्या. “फॉल्ट भाईरून येत नाय. लाइनीवरच होतो.” मग थांबून म्हणाल्या, “सुनंदाची रेणू काम्प्युटरवर चित्रं काढती. हर्सूलात कुणाच्या दुकानात बसती.” मी काहीतरी विरोध करायला हवा होता. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, रेणूला जमू शकेल. संशय असा शेजारच्या घरातून भिंतीवाटे येतो, आणि आपल्याला वाटतं की तो आपलाच विचार आहे.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं, की त्याच दिवसांत रेणूचं लग्न ठरलं होतं. तिच्या शंभर पत्रिका सोन्यात करायचं मंगलताईंनी कबूल केलं होतं. कबूल कसलं, हक्काने ओढून घेतलं होतं. “माझ्या हातची पत्रिका गेल्याबिगर पोरगी बोहल्यावर चढत नसती,” असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. त्या पत्रिकेवरचा कलश पंधरा दिवस त्यांच्या भिंतीवर टांगलेला मी बघितला होता.

त्या दुपारी मी डबा परत द्यायला गेले तर मागच्या खोलीचं दार उघडं होतं. सुनंदाताई खाली मांडी घालून फॉइल सोलत होत्या. मंगलताई मशीनपाशी उभ्या.

“सुनंदा, एक इचारू? राग नको मानू.”

“इचार की.”

“ट्रंकेतल्या एकोणीस पट्ट्या गेल्यात. तू नेल्यास का रेणूसाठी?”

सुनंदाताईंचा हात थांबला नाही. मला अजून आठवतं, त्यांनी ती फॉइल शेवटच्या टोकापर्यंत सोलली, कुठेही न फाडता. चित्र टेबलावर ठेवलं. मोरीत जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि दारात उभ्या राहिल्या.

“पाचशे मेंढरांत एक नसलं तर माझा बाप नुस्ता बघून सांगायचा, मंगल. त्यानं कधी मोजली नायत,” त्या म्हणाल्या. आवाज एरवीसारखा मोठा नव्हता. “तू सव्वीस वर्षं मोजतीस. तुला मी वळखू आले नाय.”

चपला घालून त्या गेल्या. कपातला चहा अर्धा तसाच होता. मंगलताईंनी त्या चित्रावरून नख फिरवलं. कुठेच उचललं नाही. “भांडली नाय,” त्या मला म्हणाल्या. “खोटं असतं तर माणूस भांडतं का नाय?” तासाभराने भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज आला, अण्णा शेतावर गेलेले, म्हणजे स्वतःशीच म्हणत असाव्यात, “खरं असतं तर भांडली असती. चोरच जास्त बोलतंय.” दोन्ही बाजूंनी त्यांचं समाधान होत नव्हतं.

अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. त्यांच्याबद्दल आतापर्यंत काही लिहिलं नाही, कारण त्या घरात त्यांच्याबद्दल काही बोललंच जात नसे. स्वभावाने शांत, तेही कंपनीतून निवृत्त. चितेगावजवळ त्यांची वडिलोपार्जित दोन एकर. एक दिवसाआड दुचाकीवर तिकडे जायचे आणि संध्याकाळी पायाला माती घेऊन परत यायचे. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते ज्वारीबद्दल. मंगलताईंचे गुडघे दुखत, शिवाय त्यांना शेताचं प्रेमही नव्हतं. वर्षातून एकदा हुरड्याला जात, बस. त्या वर्षी अण्णांनी आम्हालाही बोलावलं. सुनंदाताई दर वर्षी असायच्या म्हणे. त्या वर्षी त्यांचं नाव कोणी काढलं नाही.

पैठण रोडवरून आत वळलो आणि मला आधी काही कळलंच नाही. दाणे भरलेली ज्वारी छातीइतकी उभी होती आणि तिच्यावर जागोजागी काहीतरी चमकत होतं. बांधापासून बांधापर्यंत सुतळ्या ताणलेल्या, आणि सुतळ्यांना सोनेरी, तांबड्या, रुपेरी पट्ट्या बांधलेल्या. वारा आला की सगळं शेत लखलखायचं. भोरड्यांचा एक थवा आला, वर घिरटी घातली आणि पलीकडच्याच्या शेतात उतरला.

मंगलताई बांधावर उभ्या राहिल्या. मग गुडघेदुखी विसरून तशाच ज्वारीत शिरल्या. एक पट्टी धरली, उलटी केली. कोपऱ्यात त्यांच्याच हातचा नंबर. मधल्या रिकाम्या मोरातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. दुसरी धरली, तिसरी धरली. आगटीपाशी अण्णा कणसं भाजत होते, ते हात झटकत आले.

“तुमी नेल्या?” मंगलताईंनी विचारलं.

“व्हय,” अण्णा म्हणाले. “भोरड्या लई झाल्या औंदा. ह्यानं बुजत्यात.”

“ट्रंक कशी उघडली?”

“कुलपाला दोन किल्ल्या असत्यात. दुसरी माझ्या गाडीच्या किल्लीला हाय, दहा वर्षं झाली.” त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी अजिबात नव्हती. “कचराच की त्यो. वापरलेला.”

“मला इचारलं का नाय?”

अण्णांनी थोडा विचार केला. “इचारलं असतं तर दिल्या असत्यास का?”

“नसत्या दिल्या.”

“मग?”

ज्या नक्षीसाठी घंटागाडीसुद्धा वर्ज्य होती ती पैठण रोडवरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना महिनाभर दिसत होती. मला हसू आलं, आणि मंगलताईंकडे बघून ते तिथेच विरलं. त्या खाली बसल्या होत्या, ज्वारीच्या दोन ताटांच्या मध्ये, मातीत. “सगळ्यांवर संशय घेतला मॅडम,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर घेतला. त्या गाडीवाल्या बाईवर घेतला. ह्यांच्यावर नाय घेतला. ह्यांच्याकडं कदी बघितलंच नाय ना नीट.” हुरडा त्यांनी तोंडात घातला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसून हर्सूलला निघाल्या. सुनंदाताईंनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मंगलताईंनी पुढचं-मागचं काही न बघता सगळं एका दमात सांगून टाकलं, शेत, सुतळ्या, भोरड्या, आणि शेवटी म्हणाल्या, “चुकले मी सुनंदा. माझ्या थोबाडीत मार.”

“असं कसं म्हणता मंगलबाई,” सुनंदाताई म्हणाल्या. “होतंय माणसाकडून. चहा घ्या तुमी.”

तुमी. मंगलबाई. सव्वीस वर्षं जिने अगं-तुगं केलं तिच्या तोंडून आलेला तो आदर मलाच सहन होईना. मंगलताईंनी पत्रिकांचं विचारलं. “छापायला टाकल्या,” सुनंदाताई नम्रपणे म्हणाल्या. “तुमाला कशाला तरास.” निघताना कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. पाहुणीला जे जे करायचं असतं त्यातलं काहीही त्यांनी कमी केलं नाही.

त्यानंतर मंगलताईंनी काम जवळजवळ थांबवलं. एकदा मी गेले तर त्या एकट्याच फॉइल सोलत होत्या आणि निम्म्यात ती फाटली. त्यांनी मान वर करून समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. “ह्याला तिचाच हात पायजे,” म्हणाल्या आणि चित्र बाजूला ठेवून दिलं. आता त्यांचा संशय एकाच माणसावर उरला होता, तो म्हणजे स्वतःवर. चित्रं महिनोन्‌महिने टांगलेली राहायची आणि त्या ओके लिहायच्या नाहीत.

लग्नाचं आमंत्रण आम्हा दोघींनाही आलं ते व्हॉट्सॲपवर. अक्षता घेऊन, कुंकू लावायला सुनंदाताई आल्या नाहीत. मंगलताईंनी मला फोन दाखवला. “फोनवरच्या आवतनाला कुणी जात असतंय का?” त्या म्हणाल्या, “मी नाय जात.” लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला त्या माझ्या दारात उभ्या होत्या, जरीची हिरवी साडी, डोक्यात गजरा.

“तुमी चाललातच ना मॅडम? मग मला बी सोडा.”

हर्सूलच्या रस्त्यावरच्या एका लॉनवर लग्न होतं. उन्हाळा, मांडवात कूलर फिरत होते. मंगलताई शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या. एरवी त्या घरच्या कार्यात पहाटेपासून पदर खोचून असणारी बाई, आज अंग चोरून पाहुण्यांत. सुनंदाताई एकदा जवळून गेल्या, “आलात व्हय, बसा,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मंगलताईंनी मान हलवली. मला वाटलं, आता अक्षता टाकू, जेवू आणि निघू. यापुढे काही व्हायचं नाही.

मुहूर्ताला थोडा वेळ होता. आत काहीतरी गडबड उडाली, नवरदेवाकडचे काही मागत होते, कुणाला तरी शोधत होते. सुनंदाताई बाहेर आल्या. छातीशी एक कापडी पिशवी घट्ट धरलेली. त्यांच्या दोन्ही जावा तिथेच उभ्या होत्या, सख्खी बहीण होती, नणंद होती. सुनंदाताईंनी त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मोजल्याशिवाय, नुसती. मग रांगा ओलांडत, लोकांचे पाय चुकवत त्या मागे आल्या आणि मंगलताईंच्या मांडीवर ती पिशवी ठेवली.

“मंगल, ही धर. रेणूचं सगळं सोनं हिच्यात हाय. मी येस्तोवर कुणाला देऊ नको.”

मंगलताई वर बघत राहिल्या. “कुणालाच?”

“माझ्या जावंला बी नाय. देव आला तरी नाय.”

“जा तू,” मंगलताई म्हणाल्या. “जा. मी हाय.”

मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे उठले. त्या बसूनच राहिल्या. दोन्ही हात पिशवीवर, त्यामुळे अक्षता टाकता येईनात. “माझ्या वाटच्या तुमी टाका,” मला म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात काढला नाही. पंगती बसल्या. एक जाऊ आली, गोड बोलून पिशवी मागून बघितली, आणि अशी नजर झेलून गेली की परत फिरकली नाही. मी म्हटलं, “मी धरते, तुम्ही दोन घास खाऊन या.” त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

“राग नका मानू मॅडम,” त्या म्हणाल्या, “पण जरा तिकडं सरकून बसा.”

मला चारला निघावं लागलं. पुढच्याच महिन्यात नवऱ्याची बदली झाली, सामानाच्या गडबडीत नीट निरोपही झाला नाही. म्हणून मंगलताई म्हटलं की मला त्या दुपारचा तो मांडवच दिसतो. पाहुणे गेलेले, कूलर बंद, मांडववाला खुर्च्या एकात एक घालून नेतोय आणि मधोमध एकाच खुर्चीवर त्या ताठ बसलेल्या, उपाशी. मी फाटकापाशी स्कूटर काढत होते तेव्हा सुनंदाताई ताट घेऊन आल्या. दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पिशवी त्यांनी मागितली नाही. पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि मंगलताईंच्या तोंडात घातला. आणि मंगलताई तो घास चावत, खुर्च्या नेणाऱ्या त्या माणसाकडे संशयाने बघत होत्या.